मेथीच्या डब्यातल्या गोळ्या

माय, माझ्या हातातल्या बांगड्या सैल झाल्या आहेत. फळ्यावर लिहायला हात वर केला की त्या खळखळत कोपरापर्यंत येतात आणि पहिलीची पोरं हसतात. हे तू ऐकलं असतंस तर पुढचं काही सांगावं लागलं नसतं, कारण तुझं दुखणंही आधी बांगड्यांनीच सांगितलं होतं. माझ्या लग्नाचा चुडा भरायला आपण मंगरूळला गेलो होतो. दर्ग्याच्या रस्त्यावरचे बांगडीवाले चाचा तुला वर्षानुवर्षं बांगड्या भरत होते. त्यांनी तुझा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि पेटीतून दुसरं माप काढलं. तेही मनगटावरून खाली आलं. मग ते म्हणाले, "बाई, दर साली तुमचं माप लहान होऊन राह्यलं. आन हात कायले कापते तुमचा? दाखवा कोनाले तरी." तू हसून उडवून लावलंस. "लग्नाचं घर हाय चाचा. कामानं वाळते हात." मी शेजारीच बसले होते, माझ्या हिरव्या चुड्याकडे पाहत. बाहेरच्या माणसाला जे एका हातावरून कळलं, ते घरात तुझ्या हातचं रोज खाणाऱ्या आम्हाला कळलं नाही.

कळणार तरी कसं? तुझं आजारपण हुबेहूब कामासारखं दिसत होतं. हिवाळ्यात पहाटे मळ्यात बाकी बाया शेकोटीपासून हलायच्या नाहीत आणि तू पदर खोचून दवानं भिजलेल्या मेथीत बसलेली. तुला थंडी वाजतच नव्हती. दोघी मिळून जितक्या जुड्या बांधत तितक्या तू एकटी बांधायचीस, त्या टोपल्यात रचून हर्राशीला, भाजीच्या लिलावाला, न्यायचीस, आणि परत येऊन पुन्हा वांग्यांच्या ओळीत शिरायचीस. जेवायचीस बाबांच्या बरोबरीनं, पण अंगाला काही लागत नव्हतं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे, "आमची बाई म्हंजे मशीन हाय, बंदच नाई पडत." राग मात्र वाढला होता. कोथिंबिरीची जुडी सैल बांधली म्हणून तू एकदा माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि मग माझ्याआधी तूच रडायला लागलीस. गळ्याची सूज पदराखाली राहिली. डोळे मोठे झाले होते, तर माझ्या लग्नाच्या फोटोत तू फार छान आलीस असं सगळे म्हणाले. अजूनही म्हणतात. तो फोटो भिंतीवर आहे आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळते.

माझं लग्न होऊन मी शेलूबाजारला आले आणि थोड्याच महिन्यांत तू हर्राशीत चक्कर येऊन पडलीस. तेव्हा कुठे बाबा तुला अकोल्याला घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी गळा पाहिला, नाडी धरली, रक्त काढलं आणि सांगितलं की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नको तेवढी चालते आहे, त्यामुळं काळीज धावतं, हात कापतात, अंग वाळतं. गोळ्या दिल्या. शेवटी म्हणाले, "दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासायला या, त्यावरून गोळी कमी-जास्त करू." गोळ्या आपण आणल्या. शेवटचं वाक्य मात्र अकोल्यातच राहिलं. दीड महिन्यानं मेथीचा हंगाम होता, आणि तू बरी दिसत होतीस, मग कोण कशाला जातं? गावच्या मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवलं की तो तसंच दुसरं द्यायचा. बांगड्या जागेवर थांबल्या, हात थांबला, तुला झोप लागायला लागली. आणि मग झोप जातच नव्हती. तुझा चेहरा सुजला. उन्हात शाल घेऊन बसायला लागलीस. बांगड्या आता निघेनात, साबण लावून काढाव्या लागायच्या. दुपारी जुडी हातात धरून तू तशीच डुलकी घ्यायचीस आणि शेजारची बाई तुझ्या वाट्याच्या जुड्या बांधायची.

आपल्या घरात माणसाची तब्येत जुड्यांवरून ठरायची, माय, तिथंच सगळं चुकलं. जुड्या जास्त होत्या तेव्हा तू धडधाकट होतीस, अर्ध्यावर आल्या तेव्हा आजारी पडलीस, आणि मधे फक्त त्या गोळ्या आल्या होत्या. मग दोष कोणाचा? बाबा म्हणाले, "चांगल्या बाईले डॉक्टरनं सुस्त करून टाकलं." मलाही तेच वाटलं, आणि मी तर डी.एड. केलेली, घरातली शिकलेली.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तू ओसरीवर मेथी निवडत बसली होतीस. मी येऊन बसले तरी तुझे डोळे मिटत होते. मी जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "माय, तुह्या या सुस्तीचं मले भेव वाटून राह्यलं. माहं बाळंतपण कोन करन?" तू म्हणालीस, "मीच करीन न व. काहून नाई करीन?" आणि मी म्हणाले, "अशी? बसल्या जागी डोया लागते तुहा. लेकराले आंघोय घालता घालता झोपशीन." मी हसत बोलले होते, पण मनातून चिडले होते.  तू एक काडी निवडलीस, ती टाकलीस, दुसरी घेतलीस. त्यानंतर काही आठवड्यांत तू पुन्हा पहिल्यासारखी झालीस. चेहऱ्याची सूज उतरली, चाल वाढली, शाल पेटीत गेली. नातवंड येणार या आनंदानं तू बरी झालीस असं मी सगळ्यांना सांगितलं.

मुलगी झाली. त्या सव्वा महिन्यात तू काय नाही केलंस! पहाटे चूल, मग माझी शेगडी, माझं अंग रगडणं, लेकराला तेल, आंघोळ, धुरी, लाडू, आणि मधेच टोपलं घेऊन बाजाराची फेरी. कोणाला हात लावू दिला नाहीस. मी झोपायचे, खायचे आणि पुन्हा झोपायचे. एकदा दुपारी तू पाय पसरून बसली होतीस, पायांवर उताणी ठेवलेली माझी पोरगी, तुझे हात तिच्या छातीवरून झरझर फिरत होते. तिथूनच मला हाक मारलीस, "मेथीदान्याचा डबा आन व, वरच्या फळीवरचा. लाडू संपले तुहे." मी स्वयंपाकघरात गेले, डबा उतरवला, झाकण काढलं, मेथीदाण्यांत हात घातला. हाताला कागद लागला. तुझ्या गोळ्यांची पाकिटं होती ती. एक नाही, बरीच, आणि एकातलीही गोळी काढलेली नाही. बाबा दर महिन्याला आणून देत होते आणि तू ती डब्यात ठेवत होतीस.

मी दारातून तुझ्याकडं पाहिलं. तुझ्या कपाळावर घाम होता, गळ्याजवळची शीर उडत होती, ती मला तिथून दिसत होती. मला सगळं कळलं, माय. आता उगाच सांगितलं की मी लहान होते, मला कळलं नाही, तर ते खोटं आहे. मला कळलं, आणि त्याबरोबर हेही कळलं की तू गोळ्या पुन्हा सुरू केल्यास तर माझी झोप जाईल. मी वाटीभर मेथी काढली, पाकिटं पुन्हा खाली दाबली आणि झाकण लावलं. वाटी तुझ्यासमोर ठेवली. तू आधी वाटीकडं पाहिलंस, मग माझ्या तोंडाकडं. "डबा नाई आनला?" "वाटीत आनली." तू म्हणालीस, "बरं." आणि पुन्हा लेकराला तेल लावायला लागलीस.

पोरगी दोन महिन्यांची झाली आणि तुला ताप आला. पायाला विळा लागून जखम झाली होती, ती चिघळली. दोन दिवसांत ताप असा चढला की तू बडबडायला लागलीस, मेथीच्या ओळींतल्या बायांची नावं घेत होतीस. जीपमधून तुला अकोल्याला नेलं. काळीज इतकं धावत होतं की तुझी छाती लुगड्यावरून हलताना दिसत होती. तिथल्या डॉक्टरांनी गळा पाहिला आणि विचारलं, "थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत ना? बंद तर नाही केल्या?" बाबा माझ्याकडं पाहायला लागले, कारण शिकलेली मी होते. मी म्हणाले, "चालू आहेत." बाबा शेजारी उभे होते, माय. खरं बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, कधीपासून बंद, आणि तुला कसं माहीत. मी ते टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. गावात सांगितलं गेलं, ताप डोक्यात गेला. मीही तेच सांगत आले, गोळ्या बंद असताना असा ताप काळजाला झेपत नाही हे कळल्यावरही.

यातलं सगळ्यात वाईट मला आता, पंचवीस वर्षांनी कळलं. तुझ्या गोळ्या वाईट नव्हत्या, फक्त जास्त झाल्या होत्या. धावणारी ग्रंथी गोळीनं थांबली आणि थांबतच गेली, म्हणून तू सुजलीस, गारठलीस, पेंगायला लागलीस. रक्त तपासलं असतं तर डॉक्टरांनी गोळी अर्धी केली असती, कदाचित पाव. एवढंच करायचं होतं, अकोल्याची एक फेरी. आम्ही तुला जास्त आजारी किंवा जास्त कामाची, अशा दोनच तऱ्हांनी पाहिलं, मधली तऱ्हा असते हे माहीतच नव्हतं.

आता ते माझ्या गळ्यात आहे. मागच्या वर्षी कळलं. शाळेत मी सहज बोलून गेले की मला थायरॉइड निघाला, तर सोबत शिकवणाऱ्या एक मॅडम म्हणाल्या, "त्यात का एवढं? मले बी आहे दहा वर्षांपासून. सकाळी उठलं की उपाशीपोटी एक गोळी, अर्धा तास चहा नाई, झालं." त्यांचं दुखणं माझ्या उलट आहे, त्यांची ग्रंथी कमी चालते, जे कमी पडतं ते गोळी भरून काढते. त्यांची गोळी मी घेतली तर माझं काळीज आणखी धावेल आणि माझी त्यांनी घेतली तर त्या आणखी सुजतील, पण नाव एकच म्हणून शाळेत आम्हा दोघींना एकाच दुखण्याच्या बहिणी समजतात. मी आठ महिने गोळ्या घेतल्या. अंगावर मांस चढलं, हात थांबला. मग हेडसरांनी एकदा हसत म्हटलं, "मॅडम, आजकाल तुमचा स्पीड कमी झाला." आणि मी, सगळं माहीत असलेली मी, घरी येऊन गोळी घेतली नाही. तुझ्या जावयालाही सांगितलं नाही. पाकिटं कुठं ठेवली ते तुला सांगायला नको.

मागच्या महिन्यात बांगड्या पुन्हा सैल झाल्यावर अकोल्याला गेले. आता तिथं एक बाई डॉक्टर आहेत, तरुण, चांगल्या स्पष्ट. त्यांनी विचारलं, "गोळ्या बंद केल्या होत्या का?" तोच प्रश्न, माय. या वेळी मी नुसती खाली पाहत राहिले, आणि त्यांनी तेच उत्तर मानलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, गोळ्या पुन्हा सुरू करता येतील, पण वर्ष-दीड वर्ष नेमानं घ्याव्या लागतील, रक्त तपासत राहावं लागेल, आणि तरीही दुखणं उलटू शकतं. दुसरं, नागपूरला जाऊन किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं. एकदाच घ्यायचं असतं, ते ग्रंथीत जाऊन तिला हळूहळू विझवतं. पण त्यानंतर काही आठवडे गरोदर बाईच्या आणि लहान लेकरांच्या जवळ जायचं नाही, शिवाय माझे डोळे थोडे बाहेर आले आहेत, ते त्यानं आणखी बाहेर येऊ शकतात. तिसरं ऑपरेशन. आधी गोळ्यांनी ग्रंथी शांत करायची, मग ती काढून टाकायची. आवाजाच्या नसेला धक्का लागायची थोडी भीती असते, आणि मी तर दिवसभर ओरडून पोट भरणारी मास्तरीण. नंतर जन्मभर शाळेतल्या मॅडमची ती उपाशीपोटी गोळी. म्हणजे जे जास्त आहे ते काढून मुद्दाम कमी करायचं आणि मग ते कमी रोज भरत राहायचं. मी म्हणाले, "डॉक्टर, पोरीचं बाळंतपण होऊ द्या, मग जे म्हणाल ते करते." त्या म्हणाल्या, "गोळी आजपासून. बाकीचं नंतर ठरवू. पण वाट पाहणं हा काही उपचार नाही." मी हो म्हणाले. गोळ्या घेतल्या, म्हणजे विकत घेतल्या.

कारण ती पोरगी आता सहाव्या महिन्यात आहे, माय. तुझ्या पायांवर उताणी पडलेली ती. पुण्यात नोकरी करते, पण पहिलं बाळंतपण माहेरी हे तिनंच ठरवलं, आणि त्याला कारण मी आहे. लहानपणापासून मी तिला तुझी गोष्ट सांगत आले. आजीनं सव्वा महिना कसा केला, कोणाला हात लावू दिला नाही, बसली म्हणून नाही. डब्याची गोष्ट सोडून बाकी सगळी. फोनवर ती म्हणते, "मम्मी, आजीनं तुझं केल्तं तसंच पाहिजे हं मले. शेगडी, लाडू, सगळं." मी म्हणते, करीन ना. काहून नाही करीन. आणि फोन ठेवते तेव्हा माझा हात कापत असतो, आणि मला त्याचं बरं वाटतं, कारण कापणाऱ्या हाताला काम होतं हे मी पाहिलेलं आहे. असली लाजिरवाणी गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

गेल्या रविवारी ती दोन दिवसांसाठी आली. दुपारी मी पोळ्या लाटत होते, ती स्वयंपाकघरात बसली होती, पाय लांब करून, पोटावर हात ठेवून. मी म्हणाले, "मेथीदाण्याचा डबा दे गं जरा, खालच्या फळीवरचा." तिनं झाकण काढलं, आत पाहिलं आणि पाकीट बाहेर काढलं. "मम्मी, हे काय?" मी म्हणाले, "जुन्या आहेत. ठेव." तिनं पाकिटाला गुंडाळलेलं मेडिकलचं बिल उघडून तारीख वाचली. "मागच्या महिन्याच्या आहेत. एक बी नाई घेतली तू."  तिनं झाकण लावलं नाही. डबा तसाच उघडा फरशीवर ठेवला, भिंतीला धरून कष्टानं उठली, पेल्यात पाणी आणलं, गोळी सोडवली आणि माझ्या पिठाच्या हातावर ठेवली. "माह्यासमोर घे. माह्या बाळंतपणाले बाई लावू, सासूबाईही येतील. तू नुसती बस. तू असली म्हंजे झालं." मी गोळी घेतली. मग तिला डब्याची गोष्ट सांगितली, दवाखान्यात मी काय बोलले तेही.  ती मला म्हणाली नाही की तुझा दोष नाही. फक्त दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर अकोल्याला आली आणि तिनंच विचारलं, ऑपरेशन कधी करता येईल. आधी ग्रंथी शांत होऊ द्या, असं ठरलं. दीड महिन्यानं रक्त तपासायचं आहे. तो दिवस तिनं तिच्या फोनमध्ये लावून ठेवला आहे. मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या आईच्या वेळी खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का? त्या म्हणाल्या, "आता सांगता येत नाही." त्यांनी नाही म्हणावं अशी माझी फार इच्छा होती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुला वाचताही येत नव्हतं. लिहून झालं की पोरीच्या कागदांत ठेवीन. फक्त एक राहिलं. त्या दिवशी डबा मी स्वतः घेऊ शकले असते, हाताच्या अंतरावर होता. पाकिटं त्यात आहेत हे माहीत असून मी तिलाच दे म्हटलं, आणि ती तिला सापडावीत, तिनं मला थांबवावं, म्हणूनच म्हटलं. म्हणून तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे, माय. तूही मलाच आणायला सांगितला होतास.